बुडालेलं जहाज म्हणजे खजिना नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला 'सान होजे' जहाजावरचा लेख वाचला. १७०८ मध्ये कोलंबियाच्या किनाऱ्याजवळ इंग्रजांशी लढताना बुडालेलं हे स्पॅनिश जहाज २०१५ मध्ये सापडलं. विषय उत्तम, पण निम्मा लेख पोटातल्या सोन्याचा आजचा भाव काढण्यातच संपला. बुडालेलं जहाज दिसलं की आपला हात आधी सराफाच्या काट्याकडे जातो, ही सवय आपल्या किनाऱ्यालाही महागात पडू शकते, म्हणून हे पत्र.

तुर्कस्तानात काश गावाजवळ उलुबुरून नावाचं भूशिर आहे. तिथे १९८२ मध्ये स्पंज काढणाऱ्या मेहमेत चाकिर या पाणबुड्याने 'कान असलेली धातूची बिस्किटं' पाहिल्याचं सांगितलं. त्या तांब्याच्या लाद्या निघाल्या! जॉर्ज बास आणि जेमाल पुलाक या पुरातत्त्वज्ञांच्या चमूने १९८४ ते १९९४ असे अकरा हंगाम तिथे काम केलं आणि बावीस हजारांवर बुड्या मारल्या. जहाज चाळीस-पन्नास मीटर खोल, उतारावर पडलेलं. एका बुडीत तळाशी जेमतेम वीस मिनिटं मिळायची. ते निघालं इ. स. पू. चौदाव्या शतकाच्या अखेरचं. त्यात दहा टन तांबं आणि एक टन कथील होतं, म्हणजे कांस्य ओतायला लागतं त्याच प्रमाणात. इजिप्तची राणी नेफर्टिटी हिचं नाव कोरलेला, भुंग्याच्या आकाराचा सोन्याचा ताईतही मिळाला आणि फोटो अर्थातच त्याचेच छापून येतात. मला विचाराल तर त्या जहाजावरची सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे उंदराच्या जबड्याचा एक तुकडा. दातांच्या घडणीवरून तो उंदीर सीरियाच्या किनाऱ्याकडचा असल्याचं ठरलं. म्हणजे जहाज त्या बाजूच्या बंदरात थांबून निघालं असणार. खजिना शोधणाऱ्याने हा जबडा गाळासोबत फेकून दिला असता.

आता आपल्याकडे येऊ. गोव्यात मुरगावजवळच्या सुंची रीफवर, म्हणजे समुद्रातल्या खडकावर, दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने सतराव्या शतकातल्या एका पोर्तुगीजकालीन जहाजाचे अवशेष अभ्यासले. लोखंडी तोफा, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात. हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात उलुबुरूनच्या जहाजावरही होते. मध्ये तीन हजार वर्षं गेली, तरी व्यापाऱ्यांची आवड बदलली नाही! जवळच्याच सेंट जॉर्ज रीफवर एकोणिसाव्या शतकातलं जहाज आहे आणि त्याचा माल तर आपल्या घराघरातला: कौलं, विटा, मातीचे नक्षीदार खांब. त्यावर मंगळूरच्या 'बासेल मिशन टाइल वर्क्स'चा १८६५ सालाचा ठसा आहे. कोकणातल्या जुन्या घराचं मंगलोरी कौल उतरवून उलटं केलं तर खालच्या अंगाला असाच कारखान्याचा ठसा वाचता येतो. या मालाला बाजारात कवडी मिळणार नाही. पण मंगळूरची कौलं कोणत्या मार्गाने कुठवर जात होती, याचा समुद्राच्या तळाशी पडलेला पुरावा म्हणजे ही कौलं.

आणि हा पुरावा पडल्या जागीच पुरावा असतो. रांजण कुठल्या बाजूला कलंडला, तोफ कशावर पडली, यावरूनच जहाज कसं बुडालं ते कळतं. शोभेसाठी म्हणून वर काढलेल्या लोखंडाचं काय होतं, तेही सांगायला हवं. शेकडो वर्षं त्यात मुरलेला क्षार हवा लागताच बाहेर पडू लागतो, पापुद्रे सुटतात आणि नीट उपचार न झालेली तोफ काही वर्षांत भुगा होते. हा क्षार काढायला महिने नव्हे, वर्षं लागतात. लाकडाचे हाल वेगळेच. स्टॉकहोमला १९६१ मध्ये वर काढलेल्या 'वासा' जहाजावर रसायनाचा फवारा सतरा वर्षं चालू ठेवावा लागला होता. एवढी तयारी नसेल तर वस्तू पाण्यातच राहू द्यावी. युनेस्कोच्या २००१ च्या करारातही जागच्या जागी जतन करण्यालाच पहिली पसंती आहे, आणि व्यापारासाठी उपसायला मनाई. भारत अजून या करारात सामील झालेला नाही.

सिंधुदुर्गात निवतीच्या समुद्रात नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' नौका पर्यटनासाठी पाण्याखाली ठेवण्याचा प्रकल्प राज्याने हाती घेतला आहे. त्याला विरोध नाही. उलट हौशी मंडळींना बघायला एक जहाज मिळेल आणि खऱ्या जुन्या अवशेषांवरचा भार हलका होईल. पण त्याच उत्साहाने दोन गोष्टी व्हाव्यात. तारकर्लीच्या एमटीडीसीच्या स्कूबा केंद्रात गाइड तयार होतात. जुनी वस्तू दिसली तर हात लावायचा नाही, फोटो काढायचा, जागा टिपायची आणि कळवायचं, हा धडा प्रत्येक गाइडला सक्तीचा असावा. आणि जाळी कुठे अडकतात हे मच्छीमारांइतकं कोणालाच ठाऊक नसतं, तेव्हा मत्स्यव्यवसाय खात्याने पुरातत्त्व खात्याला सोबत घेऊन बंदरोबंदरी त्या जागांची नोंद करावी. सांगणाऱ्या नाखव्यामागे चौकशीचा ससेमिरा लावू नये, नाहीतर कोणी तोंड उघडणार नाही.

कळावे,
एक वाचक, वेंगुर्ले