काकी, तुम्ही मासा कापून दिला नाहीत म्हणून

तीर्थस्वरूप काकींस,
साष्टांग नमस्कार.

पत्र मोबाईलवर आहे, तेव्हा नातीकडून वाचून घ्या. ती मध्येमध्ये हसेल, हसू द्या.

२०१७ च्या जूनमध्ये बदली होऊन मी मालवणात आलो आणि तुमच्या शेजारची खोली घेतली. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि बाजारात सगळीकडे सुकी मासळी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, हे लातूरच्या माणसाला कुठून ठाऊक असणार? तुमच्याकडून येणारा सुक्या बांगड्याचा वास घेत मी दोन महिने वरणभात जेवलो आणि मनात म्हटलं, मासे म्हणजे हेच असेल तर आपलं वरणच बरं. आमच्या घरी रविवारचं मटण ठरलेलं, पण माशाचं नाव काढलं की आई पदर नाकाला लावायची.

मग ऑक्टोबरातली ती सकाळ. दांडीच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे दोरांनी किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं, ओढत होते. मी नुसता बघत उभा होतो, कुणीतरी "धर रे" म्हणालं आणि मी दोर धरला. तासाभरात तळहात सोलवटले. हात लावला त्याला वाटा, म्हणून माझ्याही पिशवीत सहा बांगडे, मूठभर पेडवे म्हणजे बारके मासे, आणि लेप नावाचा एक चपटा मासा पडला. दोर ओढताना काही वाटलं नव्हतं, घरी येऊन पिशवी उघडली तेव्हा मात्र पोटात गोळा आला. ते सगळे माझ्याकडे बघत होते.

पुढचं तुम्ही कुंपणावरून पाहिलंतच. मी भाजीच्या सुरीने पहिल्या बांगड्याचं पोट फाडलं ते थेट पाठीपर्यंत. पित्त फुटलं, मांस हिरवट झालं. घाबरून मी पाणी ओतत सुटलो. ज्या लातूरला आदल्याच वर्षी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तिथला मी, आणि एका बांगड्यावर तीन बादल्या रित्या केल्या! तेवढ्यात तुमचा आवाज आला, "काय करतंस रे? मासो मेलेलो आसा, परत मारू नको."

बाजारात गिऱ्हाइकाशी बोलता बोलता तुम्ही डझनभर बांगडे साफ करून देता. उरलेले पाच तुमच्यासाठी दोन मिनिटांचं काम होतं. मीही पिशवी पुढे केली होती. तुम्ही ती घेतली नाहीत. आत गेलात, विळी आणलीत, माझ्यासमोर ठेवलीत आणि स्वतः पायरीवर बसलात.

पाट पायाखाली दाबायला शिकण्यातच अर्धा तास गेला. सुरी असली की मासा थांबतो आणि हात चालतो. विळीवर पातं जागचं हलत नाही, मासाच त्याच्यावरून न्यायचा. हे डोक्यात शिरलं तेव्हा पातं माझ्या अंगठ्यात शिरलं होतं. तुम्ही हळद लावलीत आणि म्हणालात, "आता फुडचो घे."

बांगड्याची खवलं बारीक, ती शेपटीकडून डोक्याकडे अलगद खरवडायची. पर कापायचे. कल्ले बोट घालून ओढायचे, म्हणजे आतडीही सोबत येतात आणि पित्त शाबूत राहतं. मणक्याला चिकटलेलं काळं रक्त आणि पोटातला काळा पापुद्रा नखाने काढायचा, कारण कडवटपणा तिथेच असतो. पेडवे हातातून निसटतात म्हणून चुलीतली राख बोटांना. लेपीची कातडी डोक्याशी चीर देऊन मोज्यासारखी ओढून काढायची, ती निघाली तेव्हा मी चक्क ओरडलो होतो. आणि धुणं तुकडे करायच्या आधी. नंतर पाण्यात बुडवून ठेवू लागलो तर तुम्ही म्हणालात, "पाण्यात घालून बसलंस तर चव खय रवतली?" घाण आणि धुवण दोन्ही माडाच्या मुळात गेलं. मांजराचा वाटा तुम्ही आधीच बाजूला काढला होता.

तिखलं, म्हणजे बांगड्यांचं तिखट कालवण, मात्र तुमच्या चुलीवर झालं. ओलं खोबरं, बेडगी मिरच्या, धणे, हळद यांचं वाटप. त्याला उकळी आली की कोकम, मग बांगडे, आणि शेवटी काळी बी काढून ठेचलेली तिरफळं. तेलाची फोडणी नाही. मी ढवळायला गेलो तर तुम्ही हात धरलात, "चमचो खय घालतंस, टोप हलय." फडक्याने टोप धरून गोल हलवला, एकही तुकडा मोडला नाही. पहिल्या घासाला जिभेला झिणझिण्या आल्या आणि मला वाटलं, ॲलर्जी झाली! तुम्ही किती हसलात. तिरफळ म्हणजे जिभेला झिणझिण्या आणणारा मसाला, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मासा पारखायलाही तुम्हीच शिकवलंत. स्वतः टोपली घेऊन बसणारी बाई गिऱ्हाइकाला सांगते, "इकणारी खोटा बोलात, बांगडो बोलणा नाय." डोळा बसका नको, कल्ला लाल हवा, बोटाने दाबलं की मांस वर यायला हवं. उन्हात राहिलेला बांगडा खाल्ला की अंगाला खाज सुटते, हेही तुमचंच. पुढे कधीतरी वाचलं की गरमीत त्याच्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते कितीही शिजवलं तरी जात नाही. तुम्हाला हा शब्द नको होता, बांगडा फेकायचा एवढं पुरे होतं. २०२३ मध्ये सरकारने पापलेटला राज्यमासा ठरवलं तेव्हा तुमची आठवण आली. काय बोलला असाल ते इथे लिहीत नाही.

आता पुण्यात असतो. दुकानात मासा साफ करून, तुकडे करून, पिशवीत भरून देतात. मी अख्खा मागतो, तर "घरी कोण करणार?" असं विचारतात. परवा कल्ला उचलून पाहिला, तपकिरी होता. न घेता निघालो, दुकानदार मागून काहीबाही बोलला. त्या रात्री अंडाकरी केली.

आई दिवाळीत आली होती. पदर नाकाला होताच, पण स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मी विळीवर कसा बसतो ते बघत होती. म्हणाली, "हे कुणी शिकवलं तुला?" तुमच्याबद्दल सांगितलं. खाल्लं नाही तिने, पण टोपाखालचा गॅस तिनेच बारीक केला.

तिरफळं संपली आहेत. पुढच्या ऑक्टोबरात येतो. रापणीला हात लावून बांगडे मी आणीन, विळी तुमची.

तुमचो,
लातूरवालो