मागे खेळणाऱ्या पोट्ट्यांबद्दलही लिहा साहेब

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर गावात आला की पोट्टे पहिले खेळाचं पान काढतात, पण त्या पानावर फुटबॉल असला की फोटो गोल मारणाऱ्याचाच. मेस्सी, रोनाल्डो, एम्बापे. मी संध्याकाळी शाळेच्या ग्राउंडवर पोट्ट्यांना खेळवतो, तिथं याचा परिणाम रोज पाहून राहिलो. ज्याला त्याला फॉरवर्डच खेळायचं आहे, आणि ज्याला कोणी घेत नाही त्याला मागे उभं करतात. पोराचे आईबाप पण विचारतात, याले मागे काऊन ठेवलं, याचं काही चुकलं का?

म्हणून विनंती आहे की एकदा जर्मनीच्या बेकेनबाउर या डिफेंडरवर सविस्तर लिहा. जानेवारी 2024 मध्ये तो वारला, पण त्याचं करिअर आमच्या पोरांना कोणी सांगितलंच नाही. हा माणूस सुरुवातीला मिडफिल्डला खेळायचा, मग मागे आला आणि तिथून सगळी टीम चालवू लागला. 1970 च्या वर्ल्डकप सेमीफायनलमध्ये इटलीविरुद्ध खांदा निखळला, बदली खेळाडू संपले होते, तर हात छातीशी बांधून एक्स्ट्रा टाइम खेळला. 1974 ला कॅप्टन म्हणून वर्ल्डकप जिंकला. जागलीला मचाणावर बसणाऱ्याला जसं पूर्ण वावर दिसते तसं त्याला मागून पूर्ण मैदान दिसायचं, आणि मला वाटते पुढे मॅनेजर झाल्यावर तेच त्याच्या कामी आलं.

कारण पहा, 1984 ला जर्मनीची टीम युरो कपात पहिल्याच फेरीत बाहेर पडली तेव्हा त्याच्या हाती टीम दिली, आणि त्याच्याकडे कोचिंगचं लायसन्सही नव्हतं. 1986 च्या वर्ल्डकप फायनलमध्ये त्यानं अर्जेंटिनाच्या मॅराडोनाच्या मागे मॅथ्यूसला लावलं, आता मॅथ्यूस म्हणजे टीमचा खेळ पुढे नेणारा माणूस, तोच राखणीत अडकला आणि मॅच 3-2 नं गेली. चार वर्षांनी रोममध्ये तीच फायनल, समोर तोच मॅराडोना, पण या वेळी राखणीचं काम बुखवाल्ड या डिफेंडरला दिलं आणि मॅथ्यूसला मोकळं सोडलं. मॅराडोनाला त्या दिवशी काहीच करता आलं नाही, 85 व्या मिनिटाला ब्रेहमेची पेनल्टी, 1-0. गोल करणाराही मूळचा डिफेंडरच बरं. खेळाडू म्हणून आणि कोच म्हणूनही वर्ल्डकप जिंकणारे जगात तीनच, ब्राझीलचा झगालो, बेकेनबाउर आणि फ्रान्सचा देशां.

आणि आपल्या सय्यद नईमुद्दीनबद्दल तर लिहाच लिहा. हैदराबादचा माणूस, म्हणजे आपल्यापासून काही लांब नाही. 1970 ला बँकॉकच्या एशियन गेम्समध्ये हे डिफेंडर आणि कॅप्टन होते, जपानला हरवून ब्राँझ आणलं, आणि त्यानंतर पुरुषांच्या फुटबॉलमध्ये आपल्याला तिथं एकही मेडल नाही. पुढे भारताचे कोच झाले, अर्जुन पुरस्कारही मिळाला आणि द्रोणाचार्यही. शिस्तीचे फार कडक म्हणून ओळखले जायचे. क्रिकेटवाल्याची अशी कहाणी असती तर पोराटोरांना तोंडपाठ असती.

आमच्याकडे एक पोरगा आहे, बारावीनंतर शिक्षण सुटलं, सध्या सकाळी कापूस वेचायला जातो. मागे खेळतो. मॅच सुरू असली की याचं तोंड बंद राहत नाही, "डावीकडे सरक, त्याच्या मागे नको जाऊ, पास कुठं जाईल ते पाह्य" असं चालूच असते, आणि पोट्टे त्याचं ऐकतात, माझं ऐकत नाहीत तेवढं. परवा समोरच्या टीमचा जोरदार फॉरवर्ड होता, तर यानं त्याच्या अंगावर जाणं सोडून दिलं आणि त्याच्याकडे पास येते तो रस्ताच अडवून धरला. हे त्याला मी शिकवलं नव्हतं.

असा पोरगा उद्या कोच होऊ शकते. पण त्यासाठी डी लायसन्सचा, म्हणजे कोचिंगच्या सुरुवातीच्या लायसन्सचा, कोर्स करावा लागते, आणि फी, जाण्यायेण्याचं भाडं, तिथं राहण्याखाण्याचा खर्च, वर तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते ती वेगळीच. हंगामात घरचे सोडतही नाहीत, त्यांचंही बरोबर आहे.

तर साहेब, तुमच्या पेपरमधून क्रीडा खात्याच्या आणि फुटबॉल संघटनेच्या लोकांना एवढं विचारा की हा कोर्स वणी, पुसद, चिमूर अशा तालुक्याच्या ठिकाणी उन्हाळ्यात, वेचणी संपल्यावर घेता येईल का. ग्राउंड आम्ही साफ करून देऊ, शिकवायला येणाऱ्या साहेबांच्या जेवणाची आणि मुक्कामाची सोय गावकरी करतील, तसं मी दोनचार जणांशी बोलून ठेवलं आहे. आणि 26 जानेवारीच्या टुर्नामेंटची बातमी छापाल तेव्हा गोल मारणाऱ्याच्या बाजूला बेस्ट डिफेंडरचंही नाव टाका, ते मी लिहून पाठवत जाईन.

आपला नियमित वाचक,
वणी तालुका, जि. यवतमाळ