इंग्रजी शब्दांच्या जोड्या आणि आपलं मराठी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात कोपऱ्यात ती गोंधळात टाकणाऱ्या इंग्रजी शब्दांची जोडी येते ना, ती मी कापून ठेवते, कारण संध्याकाळी माझ्याकडे मराठी मीडियमची दहाबारा पोरं शिकवणीला येतात. तक्रार एकच आहे, तुम्ही बहुतेक वेळा स्पेलिंगवाल्याच जोड्या देता. स्टेशनरी ए वाली की ई वाली वगैरे. ते काय, एन्व्हलपचा ई लक्षात ठेवला की वह्यापेनांची स्टेशनरी जमते, दोन मिनिटांचं काम. पोरं अडकतात ती भलतीकडेच.

लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शिकवत होते तेव्हा एक मुलगा सारखा म्हणे, 'मॅडम, आय ॲम नॉट लिसनिंग यू'. बिचाऱ्याला म्हणायचं होतं आवाज येत नाहीये आणि निघालं काय, तर मॅडम मी तुमच्याकडे लक्षच देत नाहीये! (ते पण खरंच होतं म्हणा.) मी त्याला मराठीतच विचारलं, आई खालून हाक मारते, तुला ऐकू येतं, पण तू ऐकतोस का? तर लाजला. म्हटलं मग झालं, ऐकू येणं म्हणजे हिअर आणि कान देऊन ऐकणं म्हणजे लिसन. दिसणं-बघणं पण तसंच, सी आणि लुक. फरक त्याला आधीच माहीत होता की हो, कोणी मराठीतून दाखवला नव्हता इतकंच.

बॉरो आणि लेंडचं पण तेच. 'लेंड' सुचत नाही म्हणून 'बॉरो मी युअर पेन' म्हणतात. आपल्याकडे उसनं घेणं आणि उसनं देणं आहे, घेणं ते बॉरो, देणं ते लेंड, संपलं.

सिन्स आणि फॉरला मात्र मराठीच घात करतं, कारण 'दहा वर्षांपासून' आणि '२०१५ पासून' दोन्हीला आपण 'पासून' लावतो, म्हणून 'सिन्स टेन इयर्स' तर चांगले शिकलेले लोक इंटरव्ह्यूत पण बोलून जातात. मी पोरांना सांगते 'पासून' काढून बघा. 'मी दहा वर्षं इथे राहतोय' चालतं ना, मग फॉर. 'मी २०१५ इथे राहतोय' कानाला खटकतं, मग सिन्स. सकाळपासून, सोमवारपासून, लहानपणापासून, सगळीकडे हेच करून बघा.

सगळीकडे मराठी कामाला येतं असं नाही हं. मेक आणि डू दोन्हीला आपण 'करणं'च म्हणतो, तिथे होमवर्क डू आणि मिस्टेक मेक हे घोकण्याशिवाय इलाज नाही.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं, २००० सालापासून ते पहिलीपासून आहे, तरी दहावीचं पोरगं याच चारपाच जोड्यांत गटांगळ्या खातं. त्याचं कारण मला तरी हेच वाटतं, वर्गात इंग्रजीच्या तासाला मराठी बोललं की पाप केल्यासारखं बघतात.

तर पुढच्या वेळी बॉरो-लेंड छापाल तेव्हा शेजारी उसनं घेणं-देणं एवढं टाका, पोरं कात्रण वहीत चिकटवतात. आणि तुमचा तो 'लूज' जरा तपासा, हरवणं म्हणून दिलाय आणि स्पेलिंगमध्ये दोन ओ पडलेत.

आपली,
एक वाचक, सांगली