कासवमित्रांच्या नावांची पाटी लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमचं गाव दापोली तालुक्यात, अगदी समुद्राला लागून. इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी सव्वीस वर्षं शिकवलं आणि निवृत्तीनंतर इथंच राहिले. गेल्या हंगामात कासव महोत्सवाच्या शेवटच्या दिवशी मांडवात सत्कार झाले. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना शाल-श्रीफळ मिळालं, मांडव घालणाऱ्याला मिळालं, लाऊडस्पीकरवाल्यालाही मिळालं. हंगामभर घरटी शोधणारे दोघे कासवमित्र तेव्हा पुळणीवर दोरी धरून उभे होते. गर्दीतल्या कुणाचा पाय पिल्लांवर पडू नये म्हणून. माईकवरून त्यांचं नाव एकदाही घेतलं गेलं नाही. कुणाच्या मनात वाईट नव्हतं हे मला ठाऊक आहे, करणारे बरेचसे माझेच विद्यार्थी. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, म्हणून हे पत्र.

पुण्या-मुंबईहून येणारी माणसं सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला किनाऱ्यावर येतात. टोपली उचलली जाते, पिल्लं वाळूवर सोडली जातात, ती तुरुतुरु पाण्याकडे निघतात आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळं आटोपतं. त्या पंधरा मिनिटांच्या मागे काय असतं ते मी लिहिते, कारण ते बघायला कुणी येत नाही.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्रीच्या वेळी किनाऱ्यावर चढते. भरतीची रेषा ओलांडून कोरड्या वाळूत दीडेक फूट खोल खड्डा करते, वरून अरुंद आणि खाली मडक्यासारखा फुगीर. त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते, अंगाने थोपटून सारखी करते आणि निघून जाते. परत बघायला येत नाही. मागे राहतो तो फक्त तिच्या चालण्याचा माग, ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखा. तो माग वाऱ्याने बुजायच्या आत आणि कोल्ह्याच्या किंवा गावच्या कुत्र्याच्या नाकाला वास लागायच्या आत माणसाला तिथं पोचावं लागतं. म्हणून आमचे कासवमित्र पहाटे चारला उठतात. खाडीच्या तोंडापासून खडपापर्यंत जायचं आणि यायचं. पौष-माघातला गारठा असतो, पाय ओले असतात, हातात बॅटरी आणि एक बारीक काठी.

माग सापडला म्हणजे घरटं सापडलं असं नाही. मादी कधीकधी खड्डा न करताच परत फिरते. वाळू उकरलेली दिसली तरी अंडी नेमकी कुठं आहेत ते काठी हलकेच टोचून बघावं लागतं. जिथं ती भुसकन आत जाते तिथं हात घालायचा. जोर जास्त झाला तर अंडं फुटतं. आमच्याकडचे जे ज्येष्ठ कासवमित्र आहेत, त्यांना हे हाताला कळतं. तरुणपणी ते हीच अंडी खायला आणि विकायला काढत असत. हे ते स्वतः सगळ्यांसमोर सांगतात, म्हणून मी लिहिते आहे. त्या काळी किनाऱ्यावरच्या अनेक गावांत तसंच होतं आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला सगळ्यात वरच्या दर्जाचं संरक्षण दिलं असलं, तरी कायदा पुळणीवर पहारा देत नाही. पहारा माणसाला द्यावा लागतो.

अंडी काढली की त्याच खड्ड्यातली ओली वाळू तळाशी घालून ती एकेक करून भांड्यात ठेवायची. उलटीपालटी करायची नाहीत, धक्का लागू द्यायचा नाही. मग जाळीचं कुंपण घातलेल्या हॅचरीत तसाच मडक्याच्या आकाराचा खड्डा करून ती पुन्हा पुरायची, आणि अंड्यांची संख्या, तारीख, जागा वहीत लिहायची. पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी, थंडी जास्त असेल तर आणखी उशिराने, पिल्लं वर येतात. दिवस भरत आले की टोपली झाकायची आणि ती दिवसातून कितीदा तरी उचलून बघायची, कारण कडक उन्हात वर आलेलं पिल्लू फार वेळ तग धरत नाही. वाळूच्या उष्णतेवर नर होणार की मादी हेही ठरतं, जास्त उष्णतेत माद्या जास्त. आमचे ते ज्येष्ठ कासवमित्र हे सगळं माझ्यापेक्षा चांगलं सांगतात. शाळेत मुलांना सांगायला मी त्यांना बोलावत असे तेव्हा ते दाराशीच उभे राहायचे आणि म्हणायचे, "बाई, मी काय शिकवणार?" आणि मग तासभर बोलायचे.

या कामाची सुरुवात आमच्या गावात झाली नाही, ती शेजारच्या मंडणगड तालुक्यातल्या वेळासला झाली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडांचं सर्वेक्षण करत किनाऱ्याने फिरत होते, तेव्हा त्यांना वेळासला कासवांच्या अंड्यांची टरफलं दिसली. 2002 पासून तिथं ग्रामस्थांना बरोबर घेऊन काम उभं राहिलं आणि 2006 पासून महोत्सव सुरू झाला. नाना फडणविसांचं गाव म्हणून ज्याची ओळख, ते आता कासवांचं गाव म्हणूनही सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालं. पुढे वन विभाग आणि त्याचाच खारफुटी-किनारा सांभाळणारा कांदळवन कक्ष आला, काम रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलं. संस्थेचं, खात्याचं श्रेय मी तसूभरही कमी करत नाही. त्यांच्यावाचून हे झालंच नसतं. पण रोज पहाटे पुळणीवर चालली ती गावातलीच माणसं, आणि त्यांची नावं मात्र कुठंच नाहीत.

2020 साल आठवा. मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हॅचरीत घरटी होती. पाहुणे बंद झाले, घरगुती मुक्कामाचं उत्पन्न एका दिवसात थांबलं. आमचे कासवमित्र तरीही रोज जात होते, टोपल्या उचलत होते, पिल्लं सोडत होते. बघायला कुणीच नव्हतं. मग 3 जूनला निसर्ग वादळ आलं. सुरूचं बन आडवं झालं, नारळी-पोफळीच्या बागा गेल्या, घरांवरची कौलं उडाली. दापोली-मंडणगडच्या किनाऱ्याने काय सोसलं ते इथल्या माणसालाच माहीत. त्या वर्षी दिवाळीनंतर पहिला माग दिसला तेव्हा आमच्यातल्या एकाच्या पडवीवर अजून ताडपत्री होती. तो पहाटे चारला उठून गेला. मी त्याला विचारलं, अरे आधी घराचं बघ की. म्हणाला, "बाई, घर बसून राहील, ती नाही ना थांबायची."

हा मुलगा माझा विद्यार्थी. सातवीत असताना बापाबरोबर पुळणीवर जाऊन यायचा आणि दुसऱ्या तासाला बाकावर मान टाकून झोपायचा. मी त्याला दोन-तीनदा उभं केलं होतं. कारण कळल्यावर मला फार वाईट वाटलं. बाप आता नाही. त्यांची वही मुलाकडे आहे, समुद्राच्या हवेने पानं पिवळी झालेली. प्रत्येक हंगामाची घरटी, अंडी, सोडलेली पिल्लं, सगळं त्यात नोंदवलेलं आहे.

या कामाला उशिरा फळ येतं. मादी वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात आणि हजारातलं एखादंच पिल्लू तेवढं जगतं असं जाणकार सांगतात. म्हणजे पहिल्या वर्षांत सोडलेल्या पिल्लांपैकी कुणी परत यायचंच असेल तर ते आत्ता, या वर्षांत. 2022 च्या जानेवारीत वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र बसवलं, तिचं नाव ठेवलं 'प्रथमा'. ओडिशात 2021 साली ओळखपट्टी लावलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरचं कासव पश्चिमेला येतं हे त्यातून कळलं. अशा बातम्या वाचल्या की मला त्या वहीची आठवण येते. प्रथमा असं सुंदर नाव कासवाला मिळालं याचा मला आनंदच आहे. किनाऱ्यावर राबणाऱ्यांचीही नावं लोकांना माहीत व्हावीत एवढंच माझं म्हणणं.

आता मागणी लिहिते. शाल-श्रीफळ नको असं मी म्हणत नाही. गावच्या माणसाला गावासमोर शाल मिळाली की त्याच्या घरच्यांना किती बरं वाटतं ते मी पाहिलं आहे. पण एकदा शाल दिली आणि झालं, असं होऊ नये. आमच्या ग्रामपंचायतीला मी लेखी अर्ज दिला आहे की पुळणीकडे उतरणाऱ्या पाखाडीच्या तोंडाशी एक पाटी लावावी. तिच्यावर पहिल्या हंगामापासूनच्या प्रत्येक कासवमित्राचं नाव आणि त्याने काम केलेली वर्षं असावीत, जे गेले त्यांचीही. सत्कार करायचा तर 26 जानेवारीच्या ग्रामसभेत करावा. तेव्हा हंगाम भरात असतो, ही माणसं किनाऱ्यावरून थेट झेंडावंदनाला येतात, पायाला वाळू तशीच असते. आणि त्यांच्या बायकांना शेजारी उभं करावं. पहाटे चारला चहा करून देणं आणि उजाडल्यावर पंधरा पाहुण्यांची न्याहारी करणं, दोन्ही त्याच करतात.

याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांना लागतं ते द्या. हंगामापुरतं मानधन मिळतं, ते वेळच्या वेळी हातात पडावं. अपघात विमा असावा, कारण खडपावर पाय घसरतो आणि अंधारात फुरसं दिसत नाही. डोक्याला बांधायची चांगली बॅटरी, गमबूट, वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी. ज्येष्ठांपैकी एकाला मोतीबिंदू होता, दोन हंगाम तो अंदाजाने चालत होता आणि कुणाला बोलला नाही. मी शेजारी राहून मलाही कळलं नाही, हे मला लागलं आहे. किनाऱ्यावरच्या बाकीच्या गावांनीही आपापल्या माणसांसाठी अशी मागणी करावी, संबंधित खात्याने ती ऐकावी.

शेवटी आपल्या वाचकांकडे एक विनंती. पाटीसाठी आम्ही नावं गोळा केली, फोटो मात्र मिळेनात. पहिल्या काही वर्षांतल्या एकाही कासवमित्राचा कामावर असतानाचा फोटो गावात नाही. त्या काळात इथं कॅमेरा होता तो पाहुण्यांकडे. तुमच्यापैकी जे कुणी 2006 नंतरच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत मंडणगड-दापोलीच्या किनाऱ्यावर कासवं पाहायला आले असाल, त्यांनी जुने अल्बम आणि जुने फोन एकदा उघडून बघावेत. फोटो पिल्लाचाच असेल. कडेला टोपली धरलेला हात असेल, मागे लुंगी आणि स्वेटर घातलेला कुणी वाकलेला असेल, नाहीतर दोरीपाशी एखादा शाळकरी मुलगा. असा फोटो सापडला तर ज्या गावचा असेल त्या ग्रामपंचायतीकडे किंवा शाळेकडे पाठवा. मागे साल लिहा. माणूस कोण ते आम्ही ओळखू.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. दापोली, जि. रत्नागिरी