हे सूर्यफूल आहे की कडबा?

आदरणीय बाईंना सादर नमस्कार,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही रागवाल, आणि सोलापूरच्या भवानी पेठेत ज्यांना कळायचं त्यांना तसंही कळेलच.

चादरीसाठी मी सूर्यफुलाची नक्षी केली होती. नमुना मागावरून उतरला, व्यापाऱ्यानं उलटसुलट करून पाहिला आणि परत केला. "फूल झकास आहे, पण झाड मेल्यासारखं दिसतंय की ओ." का, ते त्याला सांगता येईना आणि मला सापडेना. आठ दिवस मी नुसत्या पाकळ्या बदलत बसलो होतो.

त्या दिवशी नळाला पाणी यायचं होतं, म्हणून पहाटेच सगळी गल्ली जागी होती. नमुना जिन्याच्या कठड्यावर टाकलेला. तुम्ही हंडा खाली ठेवलात, चष्मा पुसलात आणि म्हणालात, "अरे, हे सूर्यफूल आहे की कडबा?"

मला हसू आलं, राग पण आला. मग लक्षात आलं. मी पानं काढली होती डावीकडे एक, उजवीकडे एक, पुन्हा डावीकडे एक. ज्वारीचं ताट असंच असतं. एक पान या अंगाला, वरचं बरोबर त्याच्या विरुद्ध अंगाला, म्हणजे दर पानाला अर्धा वेढा, आणि सगळी पानं दोनच ओळींत. आम्ही सोलापूरकर जन्मभर ज्वारी बघतो, तेच हातात बसलेलं. सूर्यफुलाची बुडातली पानं समोरासमोर जोडीनं येतात, पण वर गेलं की एकेक पान खोडाभोवती फिरत जिना चढतं. हे मी शंभरदा पाहिलं असेल आणि एकदाही पाहिलं नव्हतं.

हंडा तसाच ठेवून तुम्ही मला तुमच्या अंगणातल्या पपईपाशी नेलंत. पान गळून गेल्याचे वण खोडावर ठसठशीत होते. एका वणात टाचणी टोचलीत, माझ्याकडचं लाल सूत तिला बांधलंत आणि म्हणालात, "आता याच्या वरचा वण शोध. सूत ताणून ने." मी शोधत गेलो. खोडाला तीन वेढे झाले आणि टाचणीच्या वरचा आठवा वण तिच्या जवळजवळ डोक्यावर आला. "जवळजवळ?" तुम्ही तो शब्द धरून ठेवलात. मी पट्टी लावून पाहिली. खरंच, जरासा बाजूला होता. बाई, त्या 'जवळजवळ'नं माझा महिना खाल्ला.

नंतर चहा घेताना तुम्ही सांगितलंत की या 'जवळजवळ'वरून मोठमोठ्या लोकांनी डोकं खाजवलंय. १८३०च्या सुमारास शिंपर आणि ब्राउन हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ पानांचे अपूर्णांक मांडत होते, म्हणजे दर पानाला वेढ्याचा किती हिस्सा. ज्वारीचा १/२, मग १/३, २/५, ३/८. आकडे कुठून येतात पाहा, १, १, २, ३, ५, ८, १३, मागचे दोन मिळवले की पुढचा. (लघु-गुरूंनी चार मात्रा किती प्रकारे भरता येतात ते तुम्ही टेबलावर बोटं वाजवून दाखवलंत. पाच, याच रांगेतला आकडा. हेमचंद्राचार्यांनी हा हिशेब ११५०च्या सुमारास मांडला होता, ज्याच्या नावानं ही रांग ओळखतात त्या फिबोनाचीच्या १२०२च्या पुस्तकाच्या आधी. मराठीच्या तासाला वृत्तं शिकताना हे कुणी सांगितलं असतं तर!) मग १८३७ मध्ये ब्राव्हे बंधूंनी म्हटलं, अपूर्णांक सोडा, कोन बघा. एका पानापासून पुढच्या पानाचा कोन १३७.५ अंशांच्या आसपास येतो. आठ वेळा मिळवला की ११०० अंश, म्हणजे तीन पूर्ण वेढे आणि वर २० अंश. माझी पट्टी जे दाखवत होती ते हेच.

पण झाडाला १३७.५ कोण शिकवतं? इथे तुम्ही जे सांगितलंत ते मी आता भेटेल त्याला सांगतो. शेंड्यावर ऑक्सिन नावाचा वाढीचा हार्मोन असतो. तो जिथे साठतो तिथे पानाचा कोंब फुटतो, आणि फुटलेला कोंब आजूबाजूचा ऑक्सिन स्वतःकडे ओढतो. "आपल्याकडे कसं, एकाची बोअर जोरात चालली की शेजारच्याची आटते. नवी बोअर मग कुठे पाडशील? जुन्या दोघा-तिघांपासून लांब." एवढंच. पान आकडा मोजत नाही, मोकळी जागा बघतं, आणि शेंडा वाढत असल्यामुळे ती जागा फिरत राहते. झाडाचीही गरज नाही म्हणालात. १९९२ मध्ये दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी एका ताटलीत एकमेकांना ढकलणारे चुंबकी थेंब ओळीनं सोडले, तर त्यांनीही असेच वळसे धरले.

मी उत्साहात म्हणालो, म्हणजे सगळ्या झाडांत हेच? तुम्ही तिथल्या तिथे खाली बसवलंत. कण्हेर बघ, एका पेरावर तीन-तीन पानं. रुई बघ, समोरासमोर जोडी आणि वरची जोडी काटकोनात. "जे आहे ते मोज, जे हवंय ते नको." शंखापासून ताजमहालापर्यंत सगळीकडे सोनेरी आकडा (याच रांगेतून निघणारं १.६१८ हे गुणोत्तर) शोधणाऱ्यांवर तुम्ही कसल्या चिडता!

फुलाचं तोंडही तुम्हीच मोजायला लावलंत. काळ्या बियांवर कुंकू दिसेना, तेव्हा आमच्या आईच्या पानाच्या डब्यातला चुना आणला आणि काडीनं एकेका वळशावर ठिपके दिले. माझे ३३ भरले. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त डबी पुढे सरकवलीत. दुसऱ्यांदा ३४. उलट्या दिशेनं ५५. दोन्ही त्याच रांगेतले. आई तेलुगूत पुटपुटली की शिकलेली माणसं बिया खायच्या सोडून मोजतात.

आता मागाचं. तुमचं झाड कधीच नेमकं पहिल्या जागी परत येत नाही, पण माझ्या नक्षीला रिपीट लागतो, म्हणजे तोच तुकडा पुन्हा पुन्हा जुळायला हवा. तो नसेल तर चादर संपणारच नाही. मला वाटलं, अडलं. तुम्ही म्हणालात, शिंपर आणि ब्राउनकडे जा. ३/८ म्हणजे १३५ अंश. दर पानाला अडीच अंशांची लबाडी, पण आठ पानांत तीन वेढे पुरे आणि रिपीट जुळला. लाटण्याला कागदाची आठ पानं चिकटवून समोरून फोटो काढला. समोरचं पान आखूड दिसतं, कडेची दोन लांब, मागच्याचा नुसता शेंडा खोडाआडून डोकावतो. पूर्वी मी एकच पान काढून आरशात उलटं करायचो की काम झालं. या वेळी पानांनाच नऊ दिवस लागले. व्यापाऱ्यानं नमुना ठेवून घेतला. काय बदललं ते त्याला याही वेळी सांगता आलं नाही.

पहिली चादर तुम्हाला दिली, तर नक्षी बघायच्या आधी तुम्ही ती उलटी केलीत. उलट्या बाजूला रंगांची अदलाबदल होते हे मला माहीत होतं. पण तुमचं बोट देठावरून फिरलं आणि तुम्ही म्हणालात, "इकडून डावीकडे चढतंय रे." सुलट बाजूला ते उजवीकडे चढतं. मला चूक वाटली. तुम्ही म्हणालात, पपई बघून ये. गेलो. तुमच्या दोन पपयांपैकी एक उजवीकडे वळते, दुसरी डावीकडे.

चादर कुठल्या बाजूनं अंथरलीत ते बघायला रविवारी खाली येतो. तुमच्या टाचण्यांचा डबाही माझ्याकडेच राहिलाय.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा