कुरासाओचा जुना परवाना क्रमांक आता कामाचा नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऑनलाइन जुगाराच्या बातम्यांत 'कुरासाओ सरकारचा परवाना' असा उल्लेख सर्रास येतो. नेदरलँड्सच्या राज्यातल्या या कॅरिबियन बेटावरचा कायदा आता बदलला आहे, हे मात्र त्यात क्वचितच सांगितले जाते.

१९९३ च्या जुन्या कायद्याखाली सरकारने मोजक्या खासगी कंपन्यांना मुख्य परवाने दिले होते. त्या कंपन्या पुढे शेकडो संकेतस्थळांना उपपरवाने विकत. जितके उपपरवाने, तितकी कमाई, मग तपासणी कडक कशी होणार? जिंकलेले पैसे अडले तर तक्रारही त्याच संकेतस्थळाकडून शुल्क घेणाऱ्या कंपनीकडे करावी लागे. खरे दुखणे हेच होते. कोविडकाळातील मदतीच्या बदल्यात नेदरलँड्सने सुधारणांचा आग्रह धरला, त्यात जुगाराचे नियमनही होते. अखेर २४ डिसेंबर २०२४ पासून नवा कायदा लागू झाला. आता परवाना थेट कुरासाओ गेमिंग ऑथॉरिटी ही नियामक संस्था देते. उपपरवाना हा प्रकारच संपला.

म्हणून पानाच्या तळाशी 'जेएझेड' अक्षरांचा जुना क्रमांक दिसला तर तो परवान्याचा पुरावा मानू नये. नव्या परवानाधारकाने डिजिटल शिक्का लावायचा असतो. त्याचे नुसते चित्र कोणीही चिकटवू शकतो. शिक्क्यावर क्लिक केल्यावर ऑथॉरिटीच्याच पत्त्यावरचे पान उघडले पाहिजे. तिथला संकेतस्थळाचा पत्ता ब्राउझरमधल्या पत्त्याशी अक्षरन् अक्षर जुळवावा आणि कंपनीचे नाव नियम-अटींतल्या नावाशी. बहुतेक जण इथेच फसतात, कारण बंद पडलेल्या पत्त्याऐवजी एखादा आकडा बदलून नवा पत्ता दिला जातो आणि तो परवान्यात नोंदलेला असेलच असे नाही. पैसे घेणारी कंपनी अनेकदा सायप्रससारख्या दुसऱ्याच देशातली असते. तक्रार मात्र परवानाधारकाच्या नावाने करावी.

ऑथॉरिटी वैयक्तिक वाद सोडवत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग स्वतंत्र तंटानिवारण संस्था, असा क्रम आहे. खात्यातील व्यवहार आणि त्या दिवशीच्या अटी आधीच जतन कराव्यात. खाते गोठवले की ते दिसत नाहीत. ही तंटानिवारण संस्था कंपनीच निवडते, आणि माझ्या मते नव्या कायद्यातली ही सर्वांत कच्ची बाजू आहे. ती निवड खेळणाऱ्याकडे असायला हवी.

शिवाय खरा परवानाही कुरासाओच्या कायद्यापुरताच आहे. खेळणाऱ्याच्या देशात जुगाराला बंदी असेल, तर तिथे तो काहीच अधिकार देत नाही.

आपला,
एक वाचक