लिनॅलूल: नाव वाचाच, पण बाटली कधी उघडली तेही लिहून ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘लॅव्हेंडरचं तेल नैसर्गिक आहे, दोन थेंब थेट चेहऱ्याला लावा,’ असा सल्ला सौंदर्यविषयक सदरांतून सर्रास दिला जातो. दुसरीकडे, क्रीमच्या वेष्टनावर ‘लिनॅलूल’ या सुगंधी पदार्थाचं नाव छापलेलं दिसलं की घातक केमिकल म्हणून ओरड होते. प्रत्यक्षात दोन्हीकडे पदार्थ एकच आहे. लॅव्हेंडरच्या तेलाचा साधारण पाव ते एक तृतीयांश भाग लिनॅलूलच असतो आणि धन्याच्या तेलात तर त्याचं प्रमाण निम्म्याहून जास्त असतं. ते झाडातून आलं काय किंवा कारखान्यातून आलं काय, हवेपुढे त्याची वागणूक सारखीच. म्हणून ‘नैसर्गिक की कृत्रिम’ या वादातून त्वचेचं काही भलं होत नाही. बाटलीला हवा किती दिवस लागली आहे, हे विचारायला हवं.

ताजं, शुद्ध लिनॅलूल क्वचितच कुणाला बाधतं. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याची हळूहळू हायड्रोपेरॉक्साइडं तयार होतात आणि खरी ॲलर्जी होते ती यांची. ती त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि शरीराची संरक्षक यंत्रणा त्यांना परकं समजू लागते. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी ही साखळी उलगडून दाखवली. इसबासारख्या तक्रारी घेऊन आलेल्या रुग्णांची ताज्या लिनॅलूलने चाचणी केली तर शंभरात जेमतेम एकाला ॲलर्जी दिसते. हवेत मुरलेल्या लिनॅलूलने केलेल्या मोठ्या चाचण्यांत हे प्रमाण ५ ते ७ टक्क्यांच्या घरात गेलं आहे. हे आकडे त्वचेच्या दवाखान्यात आलेल्यांचे आहेत, सर्वसामान्य लोकांचे नव्हेत. आणि त्यांतल्या काही सौम्य प्रतिक्रिया नुसत्या जळजळीच्याही असतात. तरीही हा फरक डोळ्यांआड करण्यासारखा नाही.

ही ॲलर्जी ओळखायला अवघड जाते, कारण लावल्या लावल्या काहीच होत नाही. आग किंवा चुणचुण लगेच झाली तर तो बहुधा क्षोभ असतो. ॲलर्जीचं पुरळ १ ते ३ दिवसांनी उठतं: पापण्या, मान, काख किंवा हातांवर खाज, लाली, बारीक फोड. तोवर मधे चार वस्तू वापरून झालेल्या असतात आणि आळ भलत्याच वस्तूवर जातो. शिवाय एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा जन्मभर राहते.

डॉक्टरांकडे पाठीवर पॅच टेस्ट (संशयित पदार्थांच्या पट्ट्या चिकटवून केलेली चाचणी) झाली आणि ‘सुगंधाची ॲलर्जी नाही’ असा निष्कर्ष मिळाला, तरी एक गोष्ट विचारून घ्यावी. नेहमीच्या चाचणीतल्या ‘फ्रेग्रन्स मिक्स’ १ आणि २ या दोन्ही मिश्रणांत लिनॅलूल नसतं, लिमोनीन हा संत्र्या-लिंबाच्या सालीतला सुगंधी पदार्थही नसतो. त्यांच्या हायड्रोपेरॉक्साइडांच्या पट्ट्या वेगळ्या लावाव्या लागतात: लिनॅलूलची १ टक्का, लिमोनीनची ०.३ टक्के, पेट्रोलॅटममध्ये, म्हणजे व्हॅसलीनसारख्या मलमात मिसळून. पट्ट्या २ दिवसांनी काढतात, पण वाचन तेवढ्यावर थांबवू नये. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाठ पुन्हा पाहिली नाही तर उशिरा उठणारी प्रतिक्रिया निसटते. चाचणीआधी पाठीला स्टिरॉइडचं मलम लावलेलं असेल तरीही निकाल फसतो.

नियमांच्या बाबतीत युरोपीय संघ पुढे आहे. तिथे त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनात लिनॅलूल ०.००१ टक्क्यापेक्षा आणि धुऊन टाकायच्या उत्पादनात ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त असेल तर नाव छापावंच लागतं. अशा सक्तीच्या नावांची यादी पूर्वी २६ पदार्थांची होती. २०२३ च्या नियमाने ती ८० च्या वर नेली. ०.००१ टक्का म्हणजे १०० ग्रॅम क्रीममध्ये फक्त १ मिलिग्रॅम. लॅव्हेंडरच्या तेलाचा एक थेंब साधारण ३५ मिलिग्रॅम भरतो, त्यात लिनॅलूल १० मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे घरी केलेल्या १०० ग्रॅम क्रीममध्ये एकच थेंब टाकला तरी नाव छापण्याच्या मर्यादेच्या दहापट लिनॅलूल झालं! ही मर्यादा माहिती देण्यासाठी आहे, ती ओलांडली म्हणजे विष झालं असं नाही. पण न मिसळता थेट तेल चोळण्याचा सल्ला किती बेजबाबदार आहे, ते यावरून कळावं.

लिनॅलूलला लिलियल या कृत्रिम सुगंधी रसायनाच्या पंक्तीत बसवणंही चूक आहे. लिलियल प्रजननाला घातक ठरलं म्हणून १ मार्च २०२२ पासून युरोपात सौंदर्यप्रसाधनांतून हद्दपार झालं. लिनॅलूलवर तसा ठपका नाही. त्याची नोंद त्वचेला ॲलर्जी आणणारा पदार्थ अशी आहे.

उत्पादकांना हे सगळं ठाऊक असतं. लिनॅलूल वापरताना त्यातलं पेरॉक्साइड (वरची हायड्रोपेरॉक्साइडं याच वर्गातली) लिटरमागे २० मिलिमोलच्या (पदार्थाचं प्रमाण मोजण्याचं एकक) खाली ठेवावं आणि हवेचा परिणाम रोखणारं बीएचटी किंवा अल्फा-टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्व, ०.१ टक्का घालावं, अशी सुगंध उद्योगाच्या इफ्रा या संघटनेची शिफारस आहे. घरी क्रीम-साबण करून विकणाऱ्यांनी इथे नीट लक्ष द्यावं. ई जीवनसत्त्व ताज्या तेलात घालायचं असतं. जुन्या तेलात ते घातल्याने आधी तयार झालेलं पेरॉक्साइड नाहीसं होत नाही. तेल बिघडलं की नाही हे वासावरून ठरवता येत नाही, कारण लिनॅलूलचा मूळ गंध बराच काळ टिकतो.

घरात करायचं ते सोपं आहे. सुगंधी तेल लहान, गडद काचेच्या बाटलीत घ्यावं, उघडलेली तारीख त्याच दिवशी बाटलीवर लिहावी, बूच लगेच घट्ट लावावं आणि बाटली उन्हापासून, शेगडीपासून लांब ठेवावी, फ्रीज उत्तम. अर्धी रिकामी मोठी बाटली सगळ्यात वाईट, कारण तेलावर तितकीच हवा कोंडलेली असते. अशा वेळी उरलेलं तेल लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवावं. जुनं तेल त्वचेला लावू नये, डिफ्यूझरमध्येही घालू नये. हवेतून पापण्यांवर बसणारा अंशही ॲलर्जी असलेल्याला पुरतो. लिमोनीन असलेल्या क्लीनरने फरशी पुसताना खिडक्या उघडाव्यात आणि ओझोन सोडणारं यंत्र त्या वेळी बंद ठेवावं. ओझोन आणि लिमोनीन एकत्र आले की फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात.

नवं क्रीम तपासायचं असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला, मोठ्या नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, किमान ७ दिवस लावून पाहावं. खाज सुटली की थांबावं. साबण, डिटर्जंट किंवा न मिसळलेलं तेल अशा रीतीने कधीही तपासू नये. त्याने त्वचा भाजते आणि ॲलर्जीचा काहीच पत्ता लागत नाही. पुरळ उठलंच, तर डॉक्टरांकडे जाताना वापरातल्या सगळ्या बाटल्या वेष्टनांसकट घेऊन जाव्यात, हात धुण्याचा साबण आणि शाम्पूसुद्धा.

आपल्या सदरलेखकांना आमची विनंती आहे: तेलाची शिफारस करताना ते किती प्रमाणात मिसळायचं आणि उघडल्यावर किती दिवस वापरायचं, हे दोन आकडे दिल्याशिवाय सल्ला छापू नये.

आपले,
त्वचाविकार आणि सुगंधरसायन या क्षेत्रांत काम करणारे काही वाचक